युनायटेड किंग्डममधील वाहतूक चिन्हे

युनायटेड किंग्डममधील वाहतूक चिन्हे म्हणजे त्या देशातील रस्त्यांवर धोक्याची सूचना देणारे, आज्ञा किंवा मनाई सांगणारे व दिशा दाखवणारे अधिकृत फलक होत. या चिन्हांची आजची रचना मुख्यतः १ जानेवारी १९६५ रोजी अमलात आलेल्या नियमांवर आधारलेली आहे. सर वॉल्टर वरबॉइज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिची शिफारस केली होती, तर फलकांचे आणि अक्षरांचे आरेखन जॉक किनीर व मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी केले होते. साठ वर्षे उलटल्यानंतरही ही रचना मूळ स्वरूपात ओळखू येते. विसाव्या शतकातील सार्वजनिक आरेखनाच्या सर्वांत यशस्वी उदाहरणांत तिची गणना होते.

पूर्वेतिहास

ब्रिटनमध्ये मैलाचे दगड रोमन राजवटीपासून आढळतात. चौरस्त्यांवर दिशादर्शक खांब उभारण्याचा अधिकार स्थानिक दंडाधिकाऱ्यांना १६९७ च्या कायद्याने मिळाला. अठराव्या शतकात पथकर घेणाऱ्या रस्त्यांवर मैलाचे दगड बसवणे बंधनकारक झाले. मात्र हे सर्व पायी, घोड्यावरून किंवा गाडीतून जाणाऱ्या प्रवाशासाठी होते. त्याला थांबून वाचण्यास सवड होती आणि अक्षर कळले नाही तर वाटेत कोणाला विचारता येत असे.

धोक्याची सूचना देणाऱ्या फलकांची गरज प्रथम भासली ती सायकलस्वारांना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सायकलस्वारांच्या संघटनांनी तीव्र उतारांच्या माथ्यावर स्वखर्चाने इशाऱ्याच्या पाट्या लावल्या. त्या काळच्या सायकलींचे ब्रेक पाहता ही खबरदारी अनाठायी नव्हती.

मोटारींचे आगमन

१९०३ च्या मोटारकार कायद्याने वेगमर्यादा ताशी २० मैल ठरवली आणि फलक लावण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. पुढच्याच वर्षी निघालेल्या परिपत्रकात चार आकार निश्चित झाले. वेगमर्यादेसाठी पांढरे कडे, मनाईसाठी तांबडी तबकडी, धोक्यासाठी पोकळ तांबडा त्रिकोण व इतर सूचनांसाठी चौकट आकाराची पाटी. त्रिकोण म्हणजे सावधानता आणि वर्तुळ म्हणजे हुकूम हा आज सर्वपरिचित असलेला संकेत ब्रिटनमध्ये इतका जुना आहे.

१९०९ साली पॅरिस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात वळण, चौरस्ता, रेल्वे फाटक व खडबडीत रस्ता यांसाठी चार चित्रचिन्हे मान्य झाली. युरोप खंडातील देश हळूहळू चित्रांकडे वळले. ब्रिटनने मात्र शब्दांवरचा भरवसा सोडला नाही. १९३३ च्या मेबरी समितीनंतर चिन्हांत काहीशी एकवाक्यता आली, तरी पद्धत तीच राहिली. वर पोकळ तांबडा त्रिकोण आणि खाली वेगळ्या पाटीवर छोटे चित्र व इंग्रजी शब्द. शाळेची खूण म्हणून पेटती मशाल दाखवली जाई. ज्ञानाची मशाल हे रूपक सुशिक्षितांना भावणारे खरे. पण भरधाव चालकाला त्यातून 'पुढे मुले आहेत' हे कळावे, ही अपेक्षा जरा अधिकच होती.

१९४० साली जर्मन आक्रमणाच्या भीतीने देशभरातील दिशादर्शक फलक काढून टाकण्यात आले. शत्रूला वाट सापडू नये म्हणून काही ठिकाणी मैलाचे दगडही पुरण्यात आले. युद्धानंतर फलक पुन्हा उभे राहिले, तेव्हा जुनी विस्कळीत पद्धतही त्यांच्यासोबत परतली.

महामार्ग आणि अँडरसन समिती

पन्नाशीच्या दशकात जलद महामार्ग बांधण्याचे ठरले आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ताशी ७० मैल वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ३१ मीटर अंतर कापते. फलक वाचण्यात दोन सेकंद जास्त गेले तर वळण मागे पडते. आणि चुकलेले वळण गाठण्यासाठी चालकाने ऐन वेळी ब्रेक दाबला तर मागून येणाऱ्यांचे प्राण धोक्यात येतात. जुने फलक या वेगासाठी घडवलेलेच नव्हते.

१९५७ साली सर कॉलिन अँडरसन यांच्या अध्यक्षतेखाली महामार्गांवरील फलकांसाठी समिती नेमली गेली. अँडरसन हे जहाज व्यवसायातील होते व त्यांच्या कंपनीच्या प्रवासी सामानासाठी किनीर यांनी लेबले तयार केली होती. गॅटविक विमानतळावरील फलकही किनीर यांचेच. या ओळखीतून काम त्यांच्याकडे आले. किनीर यांनी चेल्सी कला विद्यालयातील आपली विद्यार्थिनी मार्गारेट कॅल्व्हर्ट हिला मदतीस घेतले. दक्षिण आफ्रिकेत १९३६ साली जन्मलेली कॅल्व्हर्ट त्या वेळी जेमतेम एकवीस वर्षांची होती.

किनीर यांनी प्रारंभ अक्षरांपासून केला नाही. धावत्या गाडीतून फलकाकडे पाहताना मला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. त्यामुळे फलक हा मजकुराची यादी न राहता एक छोटा नकाशा झाला. रस्ता कोठे फुटतो हे रेषेने दाखवायचे, मुख्य रस्त्याची रेषा जाड व गौण रस्त्याची बारीक, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाशी गावाचे नाव. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असलेले असे प्रायोगिक फलक प्रथम प्रेस्टन वळणमार्गावर लागले. ब्रिटनमधील या पहिल्या महामार्गाचे उद्घाटन पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी ५ डिसेंबर १९५८ रोजी केले.

अक्षरांचा वाद

ब्रिटिश फलकांवरील गावांची नावे तोवर सर्वस्वी मोठ्या, म्हणजे कॅपिटल, अक्षरांत असत. किनीर व कॅल्व्हर्ट यांनी केवळ आद्याक्षर मोठे ठेवून बाकीचे शब्द लहान लिपीत लिहिले. लहान लिपीत काही अक्षरांचे दांडे वर जातात, काहींचे खाली उतरतात. त्यामुळे प्रत्येक नावाला एक विशिष्ट बाह्याकृती लाभते आणि अक्षरे सुटी वाचण्याआधीच ओळखीचे नाव दुरून ध्यानात येते, असा हा विचार होता.

यावर तीव्र आक्षेप घेतला तो केंब्रिजजवळ कार्यशाळा असलेले दगडी अक्षरकोरक डेव्हिड किंडर्स्ली यांनी. अनोळखी गावाचे नाव आकृतीवरून ओळखता येत नाही, ते अक्षर अक्षर लावूनच वाचावे लागते. मग मोठी अक्षरे वापरून त्याच जागेत अधिक स्पष्टता का साधू नये, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी टोकांना सूक्ष्म फटकारे असलेली स्वतःची अक्षरे घडवली. 'द टाइम्स'च्या पत्रव्यवहाराच्या स्तंभात हा वाद रंगला.

रस्ता संशोधन प्रयोगशाळेने ऑक्सफर्डशायरमधील बेन्सन विमानतळावर दोन्ही अक्षरांची चाचणी घेतली. मोटारीच्या टपावर फलक बसवून ती बसलेल्या निरीक्षकांच्या दिशेने चालवली जाई आणि नाव किती अंतरावरून वाचता आले याची नोंद होई. किंडर्स्ली यांची अक्षरे किंचित सरस ठरली; पण फरक इतका अल्प होता की निवड दिसण्यावर करावी असे ठरले आणि ती किनीर-कॅल्व्हर्ट यांच्या बाजूने झाली. किंडर्स्ली यांची बाजू पुष्कळदा जुन्या वळणाच्या माणसाचा हट्ट म्हणून सांगितली जाते, ते न्याय्य नाही. मोजमापाने त्यांना खोटे ठरवले नव्हते.

निवडलेल्या अक्षरवळणाला पुढे 'ट्रान्सपोर्ट' हे नाव मिळाले. त्याच्या दोन जाडी आहेत. गडद पार्श्वभूमीवरील पांढरी अक्षरे प्रकाशात फुगल्यासारखी दिसतात, म्हणून तेथे किंचित बारीक वळण वापरतात. पांढऱ्या फलकावरील काळी अक्षरे त्याहून ठसठशीत असतात. लहान 'एल'च्या पायाला दिलेला बाक हा मोठा 'आय' व एकचा अंक यांच्याशी होणारा घोटाळा टाळण्यासाठी आहे. दोन अक्षरांतील अंतर फलक रंगवणाऱ्याच्या अंदाजावर सोडलेले नाही. प्रत्येक अक्षर ठरावीक रुंदीच्या काल्पनिक फरशीवर बसवलेले असून फरशीला फरशी भिडवली की अंतर आपोआप बरोबर येते. फलकाचा आकारही मजकुरावरून ठरतो. आधी पत्रा कापून मग त्यात नाव कोंबायचे नाही.

वरबॉइज समिती

महामार्ग सुधारले, पण उरलेल्या रस्त्यांवर गोंधळ तसाच होता. १९६१ साली आरेखनकार हर्बर्ट स्पेन्सर यांनी लंडनमधील मार्बल आर्च ते विमानतळ या वाटेवर दिसलेल्या फलकांची छायाचित्रे 'टायपोग्राफिका' या नियतकालिकात छापली. एकाच प्रवासात किती तऱ्हेची अक्षरे व आकार समोर येतात हे त्यांतून उघड झाले. त्याच वर्षी नेमलेल्या वरबॉइज समितीने १९६३ साली अहवाल दिला आणि युरोपीय धर्तीची चित्रचिन्हे स्वीकारावीत असे सुचवले.

दिशादर्शक फलकांसाठी रंगांची उतरंड ठरली. महामार्गावर निळा, प्रमुख मार्गांवर हिरवा व त्यावर पिवळे मार्गक्रमांक, इतर रस्त्यांवर पांढरा. चालकाने एकही अक्षर वाचले नाही तरी आपण कोणत्या प्रतीच्या रस्त्यावर आहोत हे त्याला कळते.

चित्रचिन्हे बहुतांशी कॅल्व्हर्ट यांनी रेखाटली. शाळेजवळच्या जुन्या एका फलकावर टोपी घातलेला मोठा मुलगा पुढे आणि मुलगी मागे असे चित्र होते. त्याला उच्चभ्रू शाळेचा वास येतो असे या आरेखनकारांना वाटे. कॅल्व्हर्ट यांनी क्रम उलटवला. नव्या चिन्हात मुलगी धाकट्या मुलाचा हात धरून त्याला नेते, आणि ती मुलगी कॅल्व्हर्ट यांनी स्वतःच्या बालपणीच्या छायाचित्रावरून काढली आहे. गुरांच्या चिन्हातील गाय वॉरविकशायरमधील नातेवाइकांच्या शेतावरची असून तिचे नाव 'पेशन्स' होते. सर्वच चित्रे तितकी साधली नाहीत. रस्त्याचे काम दर्शवणारा मजूर फावड्याने माती ओढतो आहे की न उघडणाऱ्या छत्रीशी झुंजतो आहे, हा विनोद ब्रिटनमध्ये जुना आहे. मोटारींना मनाई सांगणाऱ्या चिन्हात मोटारीच्या वर मोटारसायकल दाखवली असल्याने ती उडी मारत असल्याचा भास होतो.

नंतरचे बदल

'थांबा' या चिन्हाचा आकार १९७५ मध्ये अष्टकोनी करण्यात आला. बर्फाने फलक झाकला गेला तरी हा आकार ओळखता येतो. पांढऱ्या तबकडीवरील काळ्या तिरक्या पट्ट्याचा अर्थ पूर्वी 'येथून वेगमर्यादा नाही' असा होता. डिसेंबर १९६५ मध्ये ताशी ७० मैलांची कमाल मर्यादा लागू झाल्यावर त्याच चिन्हाचा अर्थ 'राष्ट्रीय वेगमर्यादा' असा झाला. पर्यटनस्थळांसाठी तपकिरी फलक १९८० च्या दशकात आले. २०१९ मध्ये लहान वन्यप्राण्यांसाठी साळूसदृश हेजहॉगचे चिन्ह जाहीर झाले. अंतरे आजही मैल व यार्डांत लिहिली जातात. आयर्लंड प्रजासत्ताकात २००५ पासून वेगमर्यादा किलोमीटरमध्ये असल्याने उत्तर आयर्लंडची सीमा ओलांडताना चालकाला मापन पद्धत बदलावी लागते.

वेल्समधील भाषेचा प्रश्न

नव्या पद्धतीने अक्षरांचा प्रश्न सोडवला, भाषेचा नाही. वेल्समध्ये गावांची नावे इंग्रजी रूपातच लिहिली जात. १९६२ साली स्थापन झालेल्या वेल्श भाषा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीपासून इंग्रजी फलकांना हिरवा रंग फासण्यास सुरुवात केली; पुढे फलक उखडण्यापर्यंत मजल गेली. अनेकांवर खटले झाले. गायक डॅवीद इवान यांना दंड भरण्यास नकार दिल्याबद्दल १९७० मध्ये तुरुंगवास घडला. १९७२ मध्ये बोवेन समितीने द्विभाषिक फलकांची व त्यांत वेल्श वर ठेवण्याची शिफारस केली. सरकारने द्विभाषिकता मान्य केली, पण वेल्शला वरचे स्थान सर्वत्र मिळण्यास त्यानंतर कित्येक दशके जावी लागली.

दोन भाषांमुळे फलक मोठे होतात व वाचण्यास वेळ लागतो हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. भाषांतराची अडचण वेगळीच. २००८ साली स्वान्सी येथे अवजड वाहनांसाठी लावलेल्या एका फलकावर इंग्रजी मजकुराखाली वेल्शमध्ये 'मी सध्या कार्यालयात नाही' अशा आशयाचा मजकूर छापला गेला. भाषांतरकाराकडून आलेले स्वयंचलित उत्तर हेच भाषांतर समजले गेले होते. स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिम भागांतील अनेक रस्त्यांवर आता इंग्रजीसोबत गेलिक नावे असतात.

भारताशी संबंध

तांबड्या काठाचा त्रिकोण इशाऱ्यासाठी व वर्तुळ मनाईसाठी ही भारतातील पद्धत ब्रिटिश व युरोपीय संकेतांशी जुळणारी आहे. किंडर्स्ली व किनीर यांच्यातील वाद मात्र देवनागरीला लागू होत नाही, कारण तिच्यात मोठी आणि लहान लिपी असा भेदच नाही. देवनागरीत शब्दाची बाह्याकृती घडते ती शिरोरेषेच्या वर-खाली जाणाऱ्या मात्रा, वेलांट्या व उकार यांनी. त्यांना उभी जागा जास्त लागते. त्यामुळे समान उंचीच्या ओळीत मराठी नाव इंग्रजी नावापेक्षा बारीक दिसते. महाराष्ट्रातील द्विभाषिक फलकांवर हा फरक सहज लक्षात येतो.

वारसा

किनीर यांचे १९९४ मध्ये निधन झाले. ब्रिटिश रेल्वेसाठी या दोघांनी केलेले 'रेल अल्फाबेट' हे वळण रुग्णालये व विमानतळांवरही वापरले गेले. कॅल्व्हर्ट यांनी हेन्रिक क्युबेल यांच्यासह 'ट्रान्सपोर्ट'ची नवी आवृत्ती तयार केली असून ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर तीच अक्षरे दिसतात. २०१६ साली त्यांना 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' हा सन्मान मिळाला.