सव्वीस जानेवारी आणि आमची पाखाडी

प्रजासत्ताक दिनाचा इतिहास शाळेत सुरू होतो 26 जानेवारी 1930 पासून. त्या दिवशी काँग्रेसनं देशभर स्वराज्याची शपथ घेतली, म्हणून 1950 साली तीच तारीख धरली. खरं आहे. पण त्याच 1930 च्या 2 मार्चला नाशकात काळारामाच्या दारात आपली माणसं उभी राहिली. हे झेंड्याखालच्या भाषणात मी एकदाही ऐकलं नाही. शपथेला सुट्टी मिळाली, सत्याग्रहाला नाही.

मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावचा. आमच्याकडे 15 ऑगस्टच्या सुमाराला होड्या वाळूवर ओढलेल्या असायच्या, म्हणून मैदान भरायचं. 26 जानेवारीला दर्या उघडा, कोळी-खारवी पहाटेच समुद्रात गेलेले. मग मैदानात कोण? मास्तर, तलाठी, दुकानदार, खोताच्या घरचे आणि रांगेत आम्ही पोरं. प्रजेच्या सणाला प्रजा कामावर!

प्रभातफेरी बाजारातून निघायची, देवळावरून बंदरावर जायची, आणि बौद्धवाडीची पाखाडी आली की वळायची. का? तर म्हणे वाट अरुंद आहे. त्याच अरुंद वाटेनं आमच्या आया खोताकडे लाकडाच्या मोळ्या पोचवत होत्या, तेव्हा ती रुंद होती.

माझा आजा मुंबईच्या मोर्चाला गेला होता. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबईच्या असेंब्लीत खोती नष्ट करायचं बिल मांडलं, आणि 10 जानेवारी 1938 ला कुळांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. आजा पडावातून आगबोटीवर चढला तो असाच. मोर्चात महार होते तसे कुणबीही होते, हे तो मुद्दाम सांगायचा. बिल पास झालं नाही. खोती निर्मूलनाचा कायदा 1949 चा, त्याचा अंमल 1950 च्या मे महिन्यात. म्हणजे पहिल्या प्रजासत्ताक दिनी झेंडा वर चढला तेव्हा खाली खोत खोतच होता. आणि महारकीचं वतन? ते जायला 1958 चा कायदा यावा लागला. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलंच होतं, की मत एक झालं तरी समाजात आणि पोटात विषमता राहणार आहे. त्यांचं मूळगाव आंबडवे, आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात. पण फेरीतल्या घोषणांत त्यांचं नाव नसायचं.

मी कॉलेजात असताना आम्ही पोरांनी ठरवलं, वाडीत आपला वेगळा झेंडा लावायचा. बांबूसुद्धा तोडून आणला. आजा भडकला. म्हणाला, "रं, झेंडा आपलाच हाय. वेगळा लावलात तर त्येंचा त्येंनाच दिलात. आधी वाट करा."

मग चार रविवार आम्ही पाखाडी खणली. जांभा फोडून दोन्ही बाजू मागं सारल्या, पायऱ्या नव्या बसवल्या. बैलगाडी जाईल एवढी वाट झाली. बायांनी आदल्या रात्री सडा घातला.

26 जानेवारीला फेरी आली. पुढच्या मास्तरांनी वाटेकडे पाह्यलं, शिट्टी वाजवली आणि नेहमीसारखी फेरी वळवली. या खेपेला कारण सांगितलं नाही. रांगेत आमच्या वाडीची अकरा पोरं होती. ती वळली नाहीत. घोषणा देत सरळ पाखाडी चढून वर आली. वर आजा काठी टेकून उभा होता.