मॉरिशस : राजकीय पक्षांचे ध्वज व चिन्हे

हिंदी महासागरातील मॉरिशस या द्वीपराष्ट्रात (क्षेत्रफळ सु. २,०४० चौ. किमी.) राजकीय पक्षाची ओळख त्याच्या रंगाने व चिन्हाने होते. मजूर पक्षाचा लाल रंग व किल्ली, पीएमएसडीचा निळा रंग व कोंबडा, एमएमएमचा जांभळा रंग व हृदय आणि एमएसएमचा नारिंगी रंग व सूर्य या येथील चार प्रमुख जोड्या होत. देशाच्या क्रिओल बोलीत या चिन्हांना अनुक्रमे लाक्ले, कोक, लेकेर व सोलेय म्हणतात.

मतपत्रिकेवरील स्थान : ब्रिटिश वसाहतकाळात मताधिकार मूठभरांपुरता मर्यादित होता. १९४७ च्या घटनात्मक सुधारणांनी वसाहतीत चालणाऱ्या एखाद्या भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढांना मत मिळाले आणि मतदारांची संख्या सु. १२ हजारांवरून सु. ७२ हजारांवर गेली. १९५९ ची निवडणूक सार्वत्रिक प्रौढ मताधिकाराने झाली. त्यामुळे निरक्षर मतदारालाही आपला उमेदवार ओळखता येणे आवश्यक ठरले व ते काम नावापुढच्या चिन्हाने केले.

साक्षरता वाढल्यावरही चिन्हाचे महत्त्व टिकले, याचे कारण मतदानपद्धतीत आहे. मुख्य बेटावरील २० मतदारसंघांतून प्रत्येकी तीन व रॉड्रिग्ज बेटावरून दोन असे ६२ प्रतिनिधी निवडले जातात. मुख्य बेटावर प्रत्येक मतदाराला तीन मते असतात. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे आडनावांच्या वर्णानुक्रमाने येतात, त्यामुळे एकाच पक्षाचे तीन उमेदवार लांबलचक यादीत विखुरले जातात. त्यांना जोडणारी खूण म्हणजे नावापुढचे चिन्ह. तिन्ही मते एकाच चिन्हाला द्या, असे आवाहन पक्ष करतात. त्याला ‘व्होट ब्लॉक’ म्हणतात.

प्रमुख पक्ष : मजूर पक्षाची स्थापना डॉ. मॉरिस क्युरे यांनी १९३६ मध्ये केली. ऊसमळ्यांतील मजुरांच्या हक्कांतून उभ्या राहिलेल्या या पक्षाने जगभरच्या कामगार चळवळींचा लाल रंग घेतला. शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखाली त्याने स्वातंत्र्य मिळवले व १९८२ पर्यंत सत्ता राखली. पक्षाचे चिन्ह किल्ली. मॉरिशसच्या १९०६ मधील कुलचिन्हातही किल्ली आहे. त्याखालच्या लॅटिन ब्रीदवाक्यात या बेटाला हिंदी महासागराचा तारा व किल्ली म्हटले आहे.

पीएमएसडी हा पक्ष ज्यूल केनिग यांच्या पार्टी मॉरिसियेंमधून वाढला. पुढे गेताँ द्युवाल यांनी क्रिओल जनतेत त्याला मोठा पाया मिळवून दिला. निळा रंग व कोंबडा ही त्याची ओळख आहे.

एमएमएमची स्थापना १९६९ मध्ये पॉल बेराँजे, देव विरासामी प्रभृतींनी केली. जातीय व धार्मिक गटांऐवजी वर्गीय प्रश्नांवर राजकारण उभारावे, हा या तरुणांचा आग्रह होता. जांभळा रंग व हृदय ही त्यांनी रुजवलेली खूण. १९८२ मध्ये हा पक्ष पीएसएम या मित्रपक्षासह मुख्य बेटावरील सर्व ६० जागा जिंकून सत्तेवर आला, पण वर्षभरातच फुटला. पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांनी १९८३ मध्ये एमएसएम स्थापन केला व सूर्य हे चिन्ह घेतले. हृदय बेराँजे यांच्याकडेच राहिले.

राष्ट्रध्वजाशी संबंध : १९६७ ची निवडणूक स्वातंत्र्याच्या प्रश्नावर लढवली गेली. मजूर पक्ष, सुखदेव बिसुनदयाल यांचा इंडिपेंडंट फॉरवर्ड ब्लॉक आणि अब्दुल रझाक मोहम्मद यांची मुस्लिम कृती समिती एका बाजूला होती, तर पीएमएसडी स्वातंत्र्याच्या विरोधात. निर्वाचित ६२ जागांपैकी स्वातंत्र्यवाद्यांना ३९ व पीएमएसडीला २३ मिळाल्या. १२ मार्च १९६८ रोजी पोर्ट लुईच्या शां द मार्स मैदानावर नवा ध्वज फडकला. त्यात लाल, निळा, पिवळा व हिरवा असे चार समान आडवे पट्टे आहेत. त्याच्या आरेखनाचे श्रेय शिक्षक गुरुदत्त मोहेर यांना दिले जाते. अधिकृत अर्थानुसार लाल म्हणजे स्वातंत्र्यलढा, निळा हिंदी महासागर, पिवळा स्वातंत्र्याचा नवा प्रकाश व हिरवा शेती. तथापि हे चार रंग अनुक्रमे मजूर पक्ष, पीएमएसडी, फॉरवर्ड ब्लॉक व मुस्लिम कृती समिती यांचे आहेत, असाही समज दृढ आहे. हा समज खरा मानला तर स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाचा रंगही राष्ट्रध्वजात समान रुंदीने आला. निवडणुकीत ज्यांचा पराभव झाला त्यांनाही राष्ट्रात बरोबरीचे स्थान देणारे हे औदार्य नवस्वतंत्र देशांत आदराने नोंदवावे असे आहे.

समुदाय व चिन्हे : घटनेनुसार हिंदू, मुस्लिम, चिनी व सर्वसाधारण असे चार समुदाय मानले जातात. निवडणुकीनंतर कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समुदायांसाठी ‘बेस्ट लूजर’ पद्धतीने कमाल आठ जादा जागा भरण्याची तरतूद आहे. १८३४ पासून आलेल्या करारबद्ध मजुरांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी भाषकही होते. त्यांच्या वंशजांची गणना या वर्गीकरणात हिंदूंमध्ये होते. समुदायांची अशी मोजणी होत असताना प्रमुख पक्षांची चिन्हे मात्र कोणत्याही धर्माशी बांधलेली नाहीत. किल्ली, हृदय, सूर्य, कोंबडा या गोष्टी सर्व घरांना सारख्याच परिचित आहेत.

प्रचारातील वापर : निवडणूक जाहीर होताच रस्त्यांवर आडव्या दोऱ्यांना पक्षरंगांच्या पताका लागतात. त्यांना ओरिफ्लाम म्हणतात. कार्यकर्त्यांचे गल्लीतील अड्डे ‘बाझ’ म्हणून ओळखले जातात व तेही पक्षाच्या रंगात सजतात. प्लॅस्टिकच्या पताकांमुळे होणाऱ्या प्रदूषणावर अलीकडे टीका होते, व ती रास्त आहे.

आघाड्या : येथील सत्ता बहुधा आघाडीची असते आणि आघाडीचे नाव प्रत्येक निवडणुकीत नवे असते. २००० मध्ये सूर्य व हृदय एकत्र आले. २०१४ मध्ये किल्ली व हृदय यांची युती सूर्य व कोंबडा असलेल्या ‘लेपेप’ आघाडीकडून पराभूत झाली. २०२४ मध्ये किल्ली व हृदय पुन्हा एकत्र आले आणि १९८२ व १९९५ प्रमाणे मुख्य बेटावरील सर्व ६० जागा एकाच आघाडीला मिळाल्या. आघाड्या मोडल्या, नेते पक्ष सोडून गेले, तरी ही चार चिन्हे आपापल्या पक्षाकडे कायम राहिली. म्हणून मॉरिशसच्या राजकारणाच्या अभ्यासकाने आघाड्यांच्या बदलत्या नावांपेक्षा या चिन्हांचा माग घ्यावा. पक्षांचा सलग इतिहास त्यांतूनच हाती लागतो.