कोटणिसांचे नाव आणि बसूंची सुई

त्वचेवरील ठरावीक बिंदूंमध्ये बारीक सुया टोचून केला जाणारा चिनी उपचार, म्हणजे ॲक्युपंक्चर, भारतात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी आणला, असा समज महाराष्ट्रात चांगलाच रुजलेला आहे. त्याला कारणेही तशीच आहेत: सोलापूरच्या या डॉक्टरांनी चीनमध्येच देह ठेवला, व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला आणि पुढे ॲक्युपंक्चरचा प्रसार करणाऱ्या काही संस्थांनी त्यांचेच नाव धारण केले; लुधियान्यात १९७५ साली सुरू झालेले रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण होय. सनावळी तपासली असता मात्र हा समज टिकत नाही. जो उपचार भारतात आला, त्याचे आधुनिक रूप कोटणिसांच्या मृत्यूच्या वेळी पुरते घडलेलेही नव्हते, आणि तो आणला त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी, कोटणिसांच्या पश्चात सतरा वर्षांनी.

या उपचाराचे वय सांगताना पाच हजार वर्षांचा आकडा सर्रास दिला जातो. उपलब्ध पुरावा त्याहून बराच अलीकडचा आहे. इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेल्या मावांगत्वी येथील थडग्यात १९७३ साली रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथ सापडले, त्यांत शरीरातील अकरा वाहिन्यांचे वर्णन आहे, त्यांवर चटका देण्याचा उपचारही सांगितला आहे. पण सुई टोचण्याचा उल्लेख नाही. ‘हुआंगदी नेइजिंग’ या साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत आकाराला आलेल्या ग्रंथात मात्र वाहिन्या बारा झालेल्या दिसतात, त्यांतून ‘ची’ नावाची जीवनशक्ती वाहते अशी मांडणी येते, आणि तिचा प्रवाह सुईने दुरुस्त करण्याचे शास्त्र सविस्तर सांगितलेले आढळते. या ग्रंथात वर्णिलेल्या नऊ प्रकारच्या सुयांपैकी काही आजच्या केसासारख्या बारीक सुईशी नाते सांगत नाहीत; गळू फोडण्यासाठी किंवा रक्त काढण्यासाठी वापरायची ती धारदार हत्यारे होती. सुईच्या जोडीने चटक्याचा उपचार कायम राहिला: दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीची पाने वाळवून, कुटून त्यांचा लोकरीसारखा मऊ गोळा करायचा आणि तो बिंदूवर किंवा बिंदूजवळ धुमसत ठेवायचा, अशी त्याची रीत होती. त्याला पुढे मॉक्सा हे नाव मिळाले.

बिंदू शोधण्याची रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण तिच्यात मोजपट्टी रोग्याच्याच अंगावर असते. त्याच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक ‘चून’ आणि जोडून धरलेल्या चार बोटांची रुंदी म्हणजे तीन ‘चून’, असे ते माप आहे. पचनाच्या तक्रारींवर आणि एकूणच शक्ती भरून येण्यासाठी वापरला जाणारा ‘झूसानली’ हा बिंदू शोधायचा असेल, तर गुडघ्याच्या वाटीच्या खाली रोग्याची चार बोटे आडवी ठेवायची, तेथून नडगीच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला एक बोट सरकायचे, आणि दाबल्यावर जेथे खोलगट व किंचित दुखरे लागते तेथे सुई घालायची. सुई आत गेल्यावर ती हलकेच फिरवली जाते, आणि रोग्याला त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या जाणवल्या तरच ती योग्य ठिकाणी लागली असे मानले जाते. हे ज्ञान प्रमाणित करण्यासाठी सुंग राजवटीत वांग वेईयी या वैद्याने १०२७ साली पुरुषाकृती काशाचे दोन पुतळे घडवून घेतले, ज्यांच्या अंगावर बिंदूंच्या जागी छिद्रे होती. विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा थर देऊन आत पाणी किंवा पारा भरला जाई, आणि सुई नेमकी लागली तरच द्रव बाहेर येई, असे जुने चिनी लेखक सांगतात.

अंगुळाचे माप आयुर्वेदातही आहे, तेथेही ते रोग्याच्या स्वतःच्या बोटाने घेतले जाते, आणि अशा साम्यांमुळेच ॲक्युपंक्चर मूळचे भारतीय असून बौद्ध भिक्षूंबरोबर ते चीनमध्ये गेले, असा दावा अधूनमधून केला जातो. त्यासाठी सुश्रुतसंहितेतील १०७ मर्मांचा आधार घेतला जातो, परंतु तो आधार नीट वाचला तर दाव्याच्या विरुद्ध जातो. मर्म म्हणजे जेथे इजा झाली असता मृत्यू किंवा कायमचे व्यंग ओढवते अशी जागा. शल्यवैद्याने शस्त्र चालवताना ती टाळावी म्हणून सुश्रुताने तिची यादी दिली आहे, तेथे सुई टोचावी म्हणून नव्हे. शिरावेध, कर्णवेध आणि अग्निकर्म, म्हणजे अनुक्रमे शिरेतून रक्त काढणे, कान टोचणे आणि डाग देणे, हे उपचार सुश्रुतात निश्चित आहेत, पण वाहिन्यांचे जाळे आणि त्यावरील बिंदू ही मांडणी चीनचीच आहे, हे मान्य करण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

चिनी वैद्यकात सुई एकटी कधीच नव्हती, आणि रोजच्या उपयोगात तर ती पहिलीही नव्हती. सातव्या शतकातील सुन सिमियाओ या वैद्याने आपल्या ग्रंथात आहारोपचाराला स्वतंत्र प्रकरण दिले आणि वैद्याने आधी अन्नाने उपचार करावा, अन्न पुरे पडत नसेल तरच औषधाकडे वळावे, अशी भूमिका मांडली. मंगोल दरबारात आहाराची जबाबदारी सांभाळणाऱ्या हू सिहुई याने १३३० साली पथ्यकर आणि पौष्टिक पाककृतींचा एक ग्रंथच बादशहाला सादर केला. उत्तर चीनमध्ये बाळंतिणीला राळ्याची पातळ पेज, तांबडी साखर आणि लाल बोरे देण्याची पद्धत आजही आहे; डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर माहीत असलेल्या मराठी घराला त्यामागचा विचार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

एकोणिसाव्या शतकात सुईला उतरती कळा लागली. १८२२ साली दाओग्वांग बादशहाने, सुई टोचणे आणि चटके देणे हे राजाच्या शरीरावर करण्याजोगे उपचार नव्हेत, असे कारण देऊन राजवैद्यालयातील हा विभाग कायमचा बंद केला. प्रजासत्ताकाच्या काळात पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांनी संपूर्ण चिनी वैद्यकावरच गदा आणली. १९२९ साली सरकारी आरोग्य समितीने ते क्रमाक्रमाने संपवण्याचा ठराव केला, मात्र त्याच वर्षी १७ मार्चला शांघायमध्ये जमलेल्या वैद्यांच्या विरोधामुळे तो अमलात येऊ शकला नाही. याच सुमारास चेंग दानआन या वैद्याने शरीररचनाशास्त्राच्या आधारे बिंदूंच्या जागा नव्याने निश्चित केल्या, त्या रक्तवाहिन्यांपासून दूर नेल्या आणि बारीक सुयांचा पुरस्कार केला. आज जगभर जे ॲक्युपंक्चर ‘प्राचीन’ म्हणून ओळखले जाते, त्याचा बराच भाग या विसाव्या शतकातील दुरुस्तीतून आलेला आहे.

भारतीय वैद्यकीय पथक चीनला पोहोचले ते या पार्श्वभूमीवर. जपानशी लढणाऱ्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडे मदत मागितली होती, काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधीसाठी आवाहन केले, आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे पथकाचे प्रमुख होते. कलकत्त्याचे बसू आणि देवेश मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस हे इतर चौघे. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही झालेले नव्हते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांचे शिक्षण झाले होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले, जेथे डोंगरकपारीत कोरलेल्या गुहांत राहावे लागे आणि राळे हेच मुख्य अन्न होते. चोळकर आणि मुखर्जी लवकर परतले, १९४० मध्ये अटलही परतले; कोटणीस उत्तरेकडील आघाडीवर गेले, जानेवारी १९४१ मध्ये तेथील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला.

या चार वर्षांत त्यांनी जे काम केले ते युद्धभूमीवरील शल्यचिकित्सेचे होते, आणि त्यांना बोलावले होते तेही त्यासाठीच. येनानमधील नेतृत्वाचे लक्ष देशी वैद्यांकडे खऱ्या अर्थाने वळले ते १९४४ साली, जेव्हा माओ त्सेतुंग यांनी जुन्या आणि नव्या वैद्यांनी एकत्र काम करावे, असा आग्रह धरला. औषधांची टंचाई हे त्यामागचे उघड कारण होते. रेन झुओत्यान या जुन्या वळणाच्या वैद्याकडून येनानमधील डॉक्टर सुईचे तंत्र शिकले ते त्यानंतरच. बसूही १९४३ मध्येच भारतात परतले होते. म्हणजे ज्या गावी सुईचे नवे पर्व सुरू झाले तेथे भारतीय पथक राहिले खरे, परंतु त्या पर्वाच्या आरंभाशी त्याची गाठ अगदी थोडक्यात चुकली.

पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण घेतलेल्या झू लियान या महिला डॉक्टरांनी रेन यांच्याकडून हे तंत्र उचलले आणि १९५१ साली ‘नवे ॲक्युपंक्चर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ‘ची’च्या जुन्या कल्पनेऐवजी मज्जासंस्थेच्या भाषेत उपचाराचा खुलासा केला; ग्रंथाच्या आरंभी गौरवाचे शब्द होते ते भारताकडे डॉक्टर मागणाऱ्या झू दे यांचेच. कमी खर्चाचा, सुटसुटीत आणि अल्प प्रशिक्षणात शिकता येणारा हा उपचार गरीब देशाच्या सरकारला सोयीचा वाटला, यात नवल नाही. पुढे खेड्यापाड्यांतील ‘अनवाणी डॉक्टरां’च्या पेटीत गोळ्यांबरोबर सुयाही दिसू लागल्या.

बसू पुन्हा चीनला गेले ते याच उत्साहाच्या काळात, १९५०च्या दशकाच्या अखेरीस. स्वतःच्या जुनाट सायनसच्या विकारावर त्यांना सुईने आराम पडला, तेव्हा त्यांनी हे तंत्र तेथेच शिकून घेतले आणि १९५९ पासून कलकत्त्यात ते रुग्णांवर वापरण्यास आरंभ केला. तीनच वर्षांत सीमेवर युद्ध पेटले, आणि चिनी म्हटलेल्या प्रत्येक गोष्टीकडे संशयाने पाहण्याच्या त्या दिवसांत हा उपचार एका लहान वर्तुळापलीकडे पसरणे कठीणच होते. परिस्थिती पालटली ती १९७०च्या दशकात. अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांनी १९७१ साली पेकिंगमधील आपल्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत लिहिला आणि जगाचे कुतूहल जागे झाले. त्यांची शस्त्रक्रिया सुईच्या भुलीवर झाली, असे आजही छापले जाते, वास्तविक भूल नेहमीच्या औषधांची होती आणि सुया टोचल्या गेल्या त्या नंतरच्या पोटफुगीसाठी. याच दशकात कोटणिसांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या समितीच्या कार्याशी बसूंनी ॲक्युपंक्चरची सांगड घातली. मित्राच्या नावाने उपचार देण्यात राजकीय शहाणपणही होते, कारण चीनविषयी कितीही कटुता असली तरी कोटणिसांविषयी ती कोणाच्याच मनात नव्हती.

पश्चिम बंगालने १९९६ साली या उपचारासाठी कायदा केला, महाराष्ट्राने २०१५च्या अधिनियमाने परिषद आणि नोंदणीची तरतूद केली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. दरम्यान शास्त्रीय कसोट्याही चालू होत्या. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर पारंपरिक बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना, आणि औषधे व व्यायाम यांसारखे नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना गुण आला. सुईचे समर्थक यांतील पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याकडे बोट दाखवतात, टीकाकार पहिल्या आणि दुसऱ्याकडे. वांग वेईयीच्या पुतळ्यांवर ज्याची परीक्षा घेतली जाई, त्या नेमक्या जागेच्या ज्ञानाला मात्र या चाचणीत फारसा आधार मिळाला नाही.