निसटू नये म्हणून

जालना जिल्ह्यातले वडीगोद्री हे धुळे-सोलापूर महामार्गावरचे गाव. तिथून जाणाऱ्या एखाद्या जुन्या ट्रकच्या मागच्या दिव्याचा बल्ब कधी काढून पाहिला आहे? त्याच्या पितळी टोपीला दोन बारीक खुंट्या असतात. बल्ब आत दाबायचा, थोडा फिरवायचा आणि सोडायचा. होल्डरमधली स्प्रिंग त्याला मागे रेटते व खुंट्या खाचेत अडकतात. मग कितीही हादरे बसोत, बल्ब सुटत नाही. एडिसनचा आट्यांचा बल्ब मात्र सततच्या हादऱ्यांनी सैल होऊ शकतो.

म्हणजे कोणत्याही जोडणीची कामे दोन : वीज पोचवणे आणि जागचे न हलणे. दुसरे काम आपण सहज विसरतो.

१९५२ साली अमेरिकेतल्या कॅनन कंपनीने इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचा कनेक्टर आणला. आकारामुळे तो उलटा बसत नसे आणि बाजूच्या दोन स्क्रूंमुळे निसटत नसे. पुढे संगणकांवरही तो आला. पण दर वेळी स्क्रू पिळायचे कोणी? जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. ते घडवणाऱ्यांत बडोद्यात शिकलेले, इंटेलमधले अभियंता अजय भट्ट होते. कोणालाही सहज लावता-काढता यावे हा हेतू असल्याने स्क्रू गेले, उरली ती धातूच्या पट्ट्यांची पकड. टेबलावर ती पुरते.

आता समजा, विद्यार्थ्यांनी ट्रॅक्टरवर बसवण्यासाठी एक उपकरण केले. यूएसबी २.० च्या चार तारा असतात : एक पाच व्होल्टची, एक ऋण आणि दोन माहितीच्या. त्या सर्किट बोर्डावरच्या उघड्या पिनांवर नुसत्या खोचल्या. वर्गात सारे चालले. शेतात माहितीची एक तार सैल झाली आणि उपकरण संगणकाला दिसेनासे झाले. मुले प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतात, ती तिथे नसतेच! तारा पुन्हा खोचताना अदलाबदल झाली तर पाच व्होल्ट भलतीकडे जाऊन चिपच जळू शकते.

म्हणून बोर्डासाठी कनेक्टर निवडताना आपण चार गोष्टी पाहू. तो 'टक्' आवाज करून अडकणारा, खटक्याचा असावा. तो एकाच बाजूने बसावा. तारांची टोके धातूच्या टोपीत दाबून बसवलेली असावीत. डाख दिलेली तार डाखाच्या कडेशी वाकून तुटते. आणि तार पेटीला बांधावी, म्हणजे ओढ कनेक्टरवर येत नाही. शिवाय २००० सालच्या यूएसबी २.० मध्ये सेकंदाला ४८ कोटी बिटांपर्यंत वेग असतो; तेव्हा माहितीच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊनच न्याव्यात.

शाळेतल्या सगळ्या जोडण्यांची यादी मुलांना करायला सांगा. प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहायचा : हिला धरून कोण ठेवते? स्क्रू, खुंटी, खटका, की केवळ घर्षण?