जुना कनेक्टिंग रॉड : वापराच्या इतिहासातील एक प्रकरण

जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९३९) या कादंबरीची चर्चा आपल्याकडे होते ती बहुधा दुष्काळ, विस्थापन आणि वर्गसंघर्ष या अंगांनी. तिच्या सोळाव्या प्रकरणातील एका लोखंडी तुकड्याकडे आम्हा साहित्याच्या अध्यापकांचे सहसा लक्ष जात नाही. ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या जोड कुटुंबाच्या सोबतीला विल्सन दांपत्याची जुनी डॉज गाडी आहे. वाटेत तिच्या इंजिनातील कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग निकामी होते. दुरुस्ती होईपर्यंत बाकीच्यांनी पुढे जावे, असे टॉम सुचवतो. तेव्हा आई जॅकचा दांडा हातात घेऊन उभी राहते आणि कुटुंब फुटू देत नाही. (‘जोड’ हे आडनाव मराठी कानाला अर्थपूर्ण वाटावे, हा निव्वळ योगायोग!) मग टॉम आणि अ‍ॅल भंगाराच्या आवारात जातात, तेथील एका डोळ्याच्या नोकराशी बोलतात आणि तशाच एका मोडीत निघालेल्या गाडीतून जुना रॉड काढून आणतात.

येथे आमच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो. हा रॉड चालेल, हे त्यांना कशावरून ठाऊक? या प्रश्नाला स्वतःचा असा एक इतिहास आहे. तो घडला त्याच कॅलिफोर्नियात, त्याच दशकात आणि त्याच प्रकारच्या भंगाराच्या आवारांत.

कनेक्टिंग रॉड म्हणजे काय, हे सांगायला घरातले उदाहरण पुरेसे आहे. पायाने चालवण्याच्या शिवणयंत्रात पायाखालची फळी आणि चाक यांना जोडणारी एक दांडी असते. फळी नुसती हलते, चाक मात्र गोल फिरते. हे रूपांतर ती दांडी घडवते. मोटारीच्या इंजिनात हेच काम पिस्टन आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये बसलेला रॉड करतो. त्याचे मोठे टोक दोन भागांचे असते. खालचा अर्धगोल म्हणजे टोपी. ती दोन बोल्टांनी आवळलेली असते.

१९३२ साली फोर्ड कंपनीने सामान्य माणसाला परवडेल असे आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन बाजारात आणले. त्याचे आकारमान २२१ घनइंच होते आणि शक्ती ६५ अश्वशक्ती. काही वर्षांतच अशा गाड्या अपघातांतून आणि झिजून भंगारात येऊ लागल्या. मंदीच्या काळातील तरुणांना नवे इंजिन घेणे शक्य नव्हते. जुने खोलून त्यातून जादा वेग काढणे मात्र शक्य होते. मोहावी वाळवंटातील म्युरॉक येथील कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर ही मुले आपल्या गाड्या पळवीत. १९३७ साली ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन झाली आणि या हौसेला नियम व वेळनोंद लाभली. युद्धानंतर १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिक निघाले. १९४९ च्या मर्क्युरी गाडीचा ४ इंची धावेचा क्रँकशाफ्ट फोर्डच्या इंजिनात बसवणे, ही त्या काळची प्रसिद्ध युक्ती. कारखान्याने एका हेतूने घडवलेला भाग दुसऱ्या हेतूसाठी वापरायचा, ही या परंपरेची मूळ रीत होती.

१९५५ साली शेवरोलेचे २६५ घनइंची व्ही-८ आले आणि या रीतीला मुबलक साधनसामग्री मिळाली. त्या घराण्याची इंजिने इतकी निघाली की २०११ साली जनरल मोटर्सने दहा कोटीवे इंजिन साजरे केले. त्यांचे रॉड घडीव पोलादाचे होते. पॉण्टिॲकच्या बहुतेक व्ही-८ इंजिनांत मात्र ओतीव रॉड असत आणि अधिक फेऱ्यांना त्यांच्यावर भरवसा ठेवू नये, हे जाणकार एकमेकांना बजावीत. ‘कारखान्याचा रॉड’ ही एकच एक वस्तू नव्हती. कोणत्या कारखान्याचा, कोणत्या सालचा, हे पाहावे लागे. शेवरोलेच्याच आरंभीच्या रॉडांना ११/३२ इंची बोल्ट होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस क्रँकशाफ्टचा सांधा जाड झाला आणि बोल्टही ३/८ इंचाचे झाले. अधिक शक्तीच्या काही इंजिनांसाठी चुंबकीय तपासणीतून उतरलेले रॉड वेगळे काढून त्यांवर गुलाबी रंगाची खूण केली जाई. भंगारात असा गुलाबी ठिपका दिसणे म्हणजे भाग्यच!

आता मुख्य मुद्दा. रॉड तुटतो तो इंजिनाच्या ताकदीने, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण स्फोटाचा दाब रॉडला दाबतो आणि दाब सोसणे पोलादाला तुलनेने सोपे जाते. खरा घात होतो तो ताणाने. जळालेला वायू बाहेर टाकून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो, तेव्हा त्याला अडवायला वर दाब नसतो. वर निघालेल्या पिस्टनला थांबवून खाली ओढायचे काम एकट्या रॉडवर आणि त्याच्या दोन बोल्टांवर पडते. शेवरोलेच्या ३५० घनइंची इंजिनात पिस्टन, पिन व कड्या मिळून पाऊण किलो वजन धरले, तर मिनिटाला ६,००० फेऱ्यांना हा ओढा सुमारे पावणेदोन टन भरतो, आणि तो सेकंदाला पन्नास वेळा येतो. ७,००० फेऱ्यांना तो २.३ टनांच्या वर जातो. फेऱ्या सहाव्या हिश्श्याने वाढल्या, ताण मात्र तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढला, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

असा ताण पुन्हा पुन्हा सोसून धातूला जे होते, त्याला अभियंत्यांनी ‘थकवा’ हे नाव दिले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या रूपकापाशी थोडे थांबावे, असे आम्हाला वाटते. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून पन्नासांहून अधिक माणसे दगावली. वापराने लोखंड आतून स्फटिकमय होते, म्हणजे जणू म्हातारे होते, असे तेव्हा पुष्कळांना वाटे. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर यांनी आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. ताण एका मर्यादेखाली राहिला तर पोलाद जवळजवळ अमर्याद काळ टिकते आणि मर्यादेवर गेला तर आवर्तने मोजून तुटते, हे त्यांतून दिसून आले. थकलेला माणूस विश्रांतीने ताजा होतो; पोलादात पडलेली चीर विश्रांतीने बुजत नाही. नेव्हिल शूट हे स्वतः विमान-अभियंता असलेले कादंबरीकार. त्यांच्या ‘नो हायवे’ (१९४८) या कादंबरीचा विषय विमानाच्या शेपटीतील हाच थकवा आहे. नंतर १९५४ साली कॉमेट विमानांच्या अपघातांनी तो विषय जगापुढे आणला.

जुन्या रॉडच्या संदर्भात याचा अर्थ काय? मैलाला अडीच हजार फेरे धरले, तर एक लाख मैल धावलेल्या घरगुती गाडीच्या रॉडने पंचवीस कोटी फेरे पाहिलेले असतात. केवळ तेवढ्याने तो म्हातारा ठरत नाही. वय हा त्याचा दोष नव्हे. जखम हा दोष आहे. गंजाचा खड्डा, हातोड्याचा ओरखडा, तेलाविना तापून आलेला निळा रंग, यांपैकी काहीही चिरेचा आरंभ ठरू शकते. मात्र त्या पंचवीस कोटी फेऱ्यांची साक्ष त्या संथ वेगापुरतीच खरी असते. वेग वाढवला की प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

म्हणून पारखणे आले. आपल्याकडे मडके वाजवून घेतात. जुने कारागीरही रॉड टांगून त्यावर हलकेच टोला मारीत आणि नाद ऐकत. चीर शोधण्यासाठी रॉडला चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाची बारीक पूड सोडतात. पूड चिरेच्या कडेने गोळा होते. वाक आणि पीळ मोजतात. जुने बोल्ट काढून अधिक मजबूत नवे घालतात, कारण बहुधा आधी तुटतो तो बोल्टच. मग रॉडची व टोपीची तोंडे किंचित तासून मोठे टोक पुन्हा अचूक गोल करतात. टोपी आणि रॉड एकत्रच घडवलेले असतात, म्हणून जोडीवरचे क्रमांक जपतात. काहीजण घडणीची उंचवट रेघ घासून काढतात आणि पृष्ठभागावर पोलादी छर्‍यांचा मारा करवतात. हे सारे टाळून पैसा वाचवणाऱ्याचा रॉड तुटलाच, तर तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग थोडक्या खर्चाच्या लोभाने महिनोन्‌महिन्यांच्या बचतीतून उभे केलेले इंजिन भंगारात जाते; चाकांखाली तेल सांडले तर जिवावरही बेतते.

ही परंपरा आता आटत चालली आहे. १९९७ च्या सुमारास आलेल्या शेवरोलेच्या नव्या व्ही-८ मध्ये धातूच्या भुकटीपासून घडवलेले रॉड आहेत. त्यांची टोपी कापून वेगळी करण्याऐवजी तोडून वेगळी केलेली असते. तुटलेल्या तोंडांचे खाचखळगे एकमेकांत अचूक बसतात, म्हणून ती तोंडे पूर्वीसारखी तासता येत नाहीत. शिवाय जुने रॉड पारखून, बोल्ट बदलून, गोल करून घेण्याची मजुरी पुष्कळदा स्वस्त नव्या घडीव रॉडांच्या किमतीला जाऊन भिडते. काटकसरीचा मार्गच कधीकधी महाग पडतो.

डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापराच्या आणि दुरुस्तीच्या अंगाने लिहिण्याचा आग्रह धरला आहे. तसा तो लिहिला, तर १९३२ आणि १९५५ या सालांइतकेच महत्त्व त्या भंगाराच्या आवारांना द्यावे लागेल. नाव नोंदले न गेलेल्या ज्या मुलांनी तेथे जुना रॉड हातात घेऊन त्याचा भूतकाळ वाचण्याचा प्रयत्न केला, ती त्या इतिहासाची कर्ती माणसे ठरतील. जुन्या संहितेपुढे बसलेल्या आम्हा अध्यापकांचे कामही याहून फारसे निराळे नाही. तिने आजवर काय सोसले, हे पाहायचे, आणि आज आपण तिच्यावर जो भार टाकणार आहोत तो तिला पेलेल का, हे तिला वाजवून पाहिल्याशिवाय ठरवायचे नाही.