त्रिरश्मीच्या पोटातलं घर आणि विणकरांचं व्याज

नाशिकजवळच्या डोंगरातील २४ लेण्यांना लोक सर्रास ‘पांडवलेणी’ म्हणतात. पांडवांचा आणि त्यांचा काडीचाही संबंध नाही. डोंगराचं खरं नाव तिथल्या शिलालेखातच कोरलेलं आहे : त्रिरश्मी. लेणं कुणासाठी, तेही लिहिलेलं आहे : चारी दिशांच्या भिक्खू संघासाठी. म्हणजे काय, तर आज जो आला त्याचं आणि उद्या जो येईल त्याचंही हे घर. मालक कुणी एकटा नाही.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. विनयात निवासाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत गुहा हा एक आहे. सह्याद्रीच्या पावसात कुडाची झोपडी किती तग धरणार? कातळ मात्र धरतो. डोक्यावर अख्खा डोंगर असल्यामुळे बाहेरचं ऊन आणि थंडी आत चटकन पोचत नाही.

असं घर बांधत नाहीत, कोरतात. आपण पायापासून वर जातो, पाथरवट छतापासून खाली येत. वरचं आधी उरकलं की परातीची गरज उरत नाही. अजिंठ्याचं २४ नंबरचं लेणं अर्धवट राहिलं आहे, तिथे हे काम कसं चाले ते आजही दिसतं. एक घाव चुकला तर दगड पुन्हा जोडता येत नाही, हे ध्यानात घ्या.

त्रिरश्मीचं १० नंबरचं लेणं बघा. मधला मंडप सुमारे ४३ फूट रुंद आणि ४५ फूट खोल. डाव्या-उजव्या बाजूला पाच-पाच आणि मागे सहा, अशा १६ खोल्या. खोलीत निजायला दगडी ओटा. सोबत पाण्याची टाकी, त्यांना शिलालेखात ‘पोढी’ म्हटलं आहे. दान देणारा उषवदात, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याची बायको दक्षमित्रा हिनेही व्हरांड्यात खोली दिली. उषवदाताने भरूच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे वाटसरूंसाठी चौसोपी धर्मशाळाही बांधल्या.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. घर खोदलं, आता त्यात राहणाऱ्याच्या अंगावर चीवर कुठून येणार? उषवदाताने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. याला अक्षयनीवी म्हणत. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण. आता हिशेब करा : २००० चं व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. वर्षावासाला भिक्खू २०, प्रत्येकाला चीवरासाठी १२ कार्षापण. वीस बारं दोनशे चाळीस. एक कवडी इकडे-तिकडे नाही! जेवणासाठी वेगळं शेत ४००० कार्षापणांना विकत घेऊन दिलं. आणि हे दान नगरसभेत सर्वांसमोर जाहीर करून नोंदवलं.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. राज्य बदललं, तरी त्रिरश्मीच्या भिक्खूंना नव्या राजानेही जमीन दिली.

आम्ही साच्यावर उभं राहून आयुष्य काढलेली माणसं. म्हणून आम्हांला या लेखात जावयापेक्षा विणकर मोठा दिसतो. दात्याचं नाव कोरलं गेलं. घाव घालणाऱ्या पाथरवटाचं नाही. विणकरांची नुसती श्रेणी आहे, माणसांची नावं नाहीत. पण त्यांनी महिन्याच्या महिन्याला व्याज भरायचं, तेव्हा कुठे भिक्खूच्या अंगावर चीवर यायचं.

आपल्याकडे स्लॅब पडला, पाटी लागली की काम झालं असं वाटतं. वर्षभराचं लाइटबिल, पाणी, सफाई, आलेल्या पाहुण्या भिक्खूचं जेवण, ह्याचा हिशेब कुणी धरत नाही. त्रिरश्मीवर तो १९०० वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवलाय. जाल तेव्हा नुसते फोटो काढू नका, तो लेखही बघून या.