गीझरमधले अंडे

दिवाळीत दहा दिवस कोकणात काढून आम्ही घरी परतलो. प्रवासाचा शीण जावा म्हणून मी गरम पाण्याचा नळ सोडला, आणि न्हाणीघरभर सडक्या अंड्याचा वास सुटला. आमच्या घरात अंड्याला उंबरठा ओलांडायची परवानगी नाही. आई दारातूनच म्हणाली, "खरं सांग, बँकेत डबा खातोस की दुसरं काही?" पंचेचाळिशीच्या कारकुनाला हा प्रश्न चारचौघांत विचारू नये.

मोरी घासली, फिनेल ओतले. प्लंबर म्हणाला, "साहेब, फरशी खणावी लागेल." मग मात्र रोकड जुळली नाही की आम्ही बँकेत जे करतो ते केले : एकेक नोंद तपासली. एका पेल्यात गार, दुसऱ्यात गरम पाणी घेऊन गॅलरीत गेलो. गार पाणी निर्दोष निघाले, गरम दोषी. म्हणजे चोर टाकीतच!

'गीझर' हा शब्दच मुळात आइसलँडच्या एका उसळत्या झऱ्याचा. लंडनच्या बेंजामिन मॉगन याने १८६८ साली गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि हे नाव त्याला चिकटले. आइसलँडच्या राजधानीत नळाच्या गरम पाण्याला आजही गंधकाचा वास येतो. तेव्हा माझा गीझर नावाला जागत होता म्हणायचे! वज्रेश्वरीच्या कुंडांपाशी याच वासात लोक मुद्दाम प्रवास करून आंघोळीला जातात. मी तोच वास घरबसल्या विजेचे बिल भरून घेत होतो.

खरा गुन्हेगार मात्र पोलादी टाकीतली मॅग्नेशियमची कांडी. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. बँकेच्या भाषेत ती जामीनदार. कर्ज टाकीचे, फेडते कांडी. ही युक्ती हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाची. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे समुद्रात झिजत, म्हणून १८२४ साली त्याने त्यांना लोखंड-जस्ताचे तुकडे जोडले. तांबे वाचले, पण ते झिजेना म्हणून त्याचे विष पाण्यात उतरेना, आणि शिंपले-शेवाळ बुडाला चिकटून जहाजे मंदावली. जामीनदार फार चांगला असला तरी पंचाईत होते, हे त्याच्या तेव्हा लक्षात आले असावे.

माझ्या टाकीतही तसेच झाले. कांडी झिजताना हायड्रोजन सुटतो. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे काही जंतू आहेत. डेल्फ्टच्या बायरिंक यांनी ते १८९५ साली शोधले. आमच्या बोअरच्या पाण्यात सल्फेट, टाकीत हायड्रोजन, वर दहा दिवस कोमट मुक्काम! जंतूंनी यथेच्छ जेवून जो ढेकर दिला तो हायड्रोजन सल्फाइडचा.

आमच्या गावाला, म्हणजे औरंगाबादला, २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरला, खरे तर साचलेले पाणी शोभत नाही. १६१० साली खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरने जमिनीखालून नहर आणली. पुढे पाणचक्कीलाही दूरच्या झऱ्याचे पाणी वाहत आले आणि त्यावर जाते फिरले.

आईचा तांब्याचा बंबही रोज सकाळी रिकामा होई. मधल्या नळीत गोवऱ्या-चिपाडे घालायची, तोटी सोडली की पाणी चटका देणारे. धूर होई, डोळे चुरचुरत. पण त्याला जामीनदार लागत नसे. तो मी वजनावर विकला, आणि त्या पैशांत थोडी भर घालून हा गीझर आणला. व्यवहार करताना मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे हे आईला दोनदा सांगितले होते.

शेवटी टाकी रिकामी करून धुतली, मॅग्नेशियमऐवजी ॲल्युमिनियम-जस्ताची कांडी बसवली आणि पाणी काही तास पार कडकडीत तापवून सोडून दिले. वास गेला. आईने नळ सोडून दोनदा हुंगले.

"गेला हो," ती म्हणाली. "पण बँकेतल्या डब्याचं अजून सांगितलं नाहीस."

मी घाईने आतून कडी लावली आणि नळ मोठा केला.